एका जुन्या मोटारीचें दुखणें

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गाला हवेचा दाब शिकवीत असतां आम्हीं मुलांना आमच्या मामांच्या मोटारीची गोष्ट सांगितली. एक एवढीशी फट, तिच्यांतून आंत शिरणारी हवा आणि तिच्यामुळें अडखळणारें इंजिन, ही हकीकत मुलांना फार आवडली. शेवटीं त्यांनीं टाळ्याहि वाजविल्या. एक मुलगा मात्र टाळ्या न वाजवितां खालीं मान घालून बाकावर बसून राहिला. त्याला त्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग घरून ठाऊक होता, आणि तो भाग आम्हीं वर्गांत सांगितला नव्हता. तो येथें सांगत आहों. ज्याच्याविषयीं तो आहे त्याची संमति आम्हीं घेतली आहे. "नांव तेवढें घालूं नका, सर," एवढीच त्याची अट होती.

आमचे मामा मोहन्यास राहतात. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलनें आंबिवलीस उतरलें म्हणजे तेथून त्यांचें घर दूर नाहीं. मामांचें उमेदीचें सारें आयुष्य तेथील नॅशनल रेयॉनच्या कारखान्यांत, यंत्रांच्या दुरुस्तीच्या खात्यांत गेलें. कारखाना २००९ सालीं बंद झाला. त्याच्या कांहीं वर्षें अगोदरच मामा सेवानिवृत्त झाले होते. त्यांच्या घरामागें पत्र्याचें एक छप्पर आहे व त्याच्याखालीं एक हिरवी, दोन आसनांची उघडी मोटार उभी असते. ती मामांनीं मुंबईस जवळजवळ भंगाराच्या भावानें घेतली आणि तीन वर्षें खपून चालती केली. शेजारच्या मुलांत तिला "मामांची घोडी" म्हणतात.

ही मोटार एम. जी. कंपनीची 'टी. डी.' या नमुन्याची आहे. इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें १९४९ ते १९५३ या अवधींत या नमुन्याच्या २९,६६४ गाड्या तयार झाल्या व त्यांतील बहुतेक अमेरिकेस गेल्या. इंजिन चार सिलिंडरांचें, १२५० घनसेंटिमीटरांचें. आजच्या साध्या घरगुती मोटारीपुढें त्याची शक्ति कांहींच नव्हे. तथापि बसावयाची जागा जमिनीपासून हातभर उंचीवर, समोर दुमडतां येणारी कांच आणि कानाशीं वारा, यामुळें ताशीं चाळीस मैलांचा वेग ऐंशींसारखा भासतो. या गाडीला एका ऐवजीं दोन कार्बुरेटर आहेत. पुढला मुख्यत्वें पहिल्या दोन सिलिंडरांना पेट्रोल व हवा यांचें मिश्रण पुरवितो, मागला शेवटच्या दोहोंना. ते 'एस. यू.' जातीचे आहेत. हीं अक्षरें 'स्किनर्स युनियन' या नांवाचीं असून, ज्या स्किनर घराण्यांतील बंधूंनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं हा कार्बुरेटर काढला, त्या घराण्याचा मूळ धंदा पादत्राणांचा होता. त्यांच्या पहिल्या कार्बुरेटरांत चामड्याचा भाता बसविलेला होता! पुढें भात्याच्या जागीं धातूचा पिस्टन आला. इंजिन जितक्या जोरानें हवा ओढील तितका तो पिस्टन वर उचलला जातो. त्याच्या टोकाला एक निमुळती सुई असते, ती जेटांतून वर सरते आणि तेवढेंच अधिक पेट्रोल बाहेर पडतें. इतकी साधी व सुबक रचना आम्हीं दुसऱ्या कोणत्याहि यंत्रांत क्वचितच पाहिली आहे.

आतां दुखण्याकडे वळूं. गाडी उभी करून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, म्हणजे इंजिनानें बंद न पडतां मंद गतीनें, एका लयींत फिरत राहावयास पाहिजे. मेकॅनिक लोक याला 'स्लो' म्हणतात. गेल्या वर्षीं फेब्रुवारींत मामांच्या गाडीचा हा स्लो बिघडला. इंजिन क्षणभर भरभर धांवे, मग दम लागल्यासारखें खालीं येई, पुन्हां उसळी घेई आणि मध्येंच एखादा ठोका चुकवी. रस्त्यावर वेग घेतला कीं सारें ठीक. परंतु शहाडच्या बाजूस गर्दींत थांबावें लागलें कीं तें हटकून बंद पडे. मामांचें वय अठ्ठ्याहत्तर. पाठीमागें रिक्षांचे भोंगे वाजत असतां दोन वेळां त्यांना खालीं उतरून गाडी कडेला ढकलावी लागली. दुसऱ्या खेपेनंतर त्यांनीं रविवारची संध्याकाळची फेरी बंद केली आणि गाडीवर कापड घातलें. मामींनीं आम्हांस दूरध्वनीवरून सांगितलें कीं, ते आतां संध्याकाळीं नुसते खुर्ची टाकून त्या कापडाकडे पाहत बसतात.

दिवाळीच्या सुमारास दोन्ही कार्बुरेटर खोलून साफ करण्याचें काम टिटवाळ्याच्या रस्त्यावरील एका लहानशा गॅरेजांत झालें होतें. गॅरेजचा मालक आमचा माजी विद्यार्थी. दहावी झाल्यावर तो आय. टी. आय.मध्यें गेला, नंतर एका वृद्ध मिस्त्रीच्या हाताखालीं फिआट गाड्यांवर शिकला. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें निघून गेली. त्या गाड्यांबरोबर कार्बुरेटर कळणारे हातहि हळूहळू नाहींसे होत चालले आहेत. हा मुलगा त्या उरलेल्यांपैकीं एक. आम्हीं मामांची गाठ त्याच्याशीं घालून दिली तेव्हां आम्हांस अभिमानच वाटला होता.

परंतु बिघाडाचें ऐकतांच आम्हीं क्षणाचाहि विचार न करितां निदान करून मोकळे झालों. कार्बुरेटर त्यानें उघडले, दोष कार्बुरेटरांत दिसतो, अर्थात् दोष त्याचा. मामांसमोर आम्ही म्हणालों, "त्या पोरानें जुन्या वस्तूचा खेळ केला." मामा कांहीं बोलले नाहींत. मार्चमध्यें तो स्वतःहून आला, रविवारचा सबंध सकाळचा वेळ त्यानें गाडीपाशीं घालविला, आणि हात पुशीत आम्हांला विचारलें, "माझ्या वेळीं असें नव्हतें, सर. मध्यें कोणीं कांहीं उघडलें होतें काय?"

"कोणींहि नाहीं," आम्हीं उत्तर दिलें. वर्गांत ज्या आवाजानें आम्ही मुलांस गप्प करतों त्याच आवाजांत तें दिलें असावें, कारण त्यानें पुढें कांहीं विचारलें नाहीं.

एवढ्यावर थांबतों तरी बरें होतें. पुढल्या रविवारीं उपासना आटोपल्यावर मंडळींत उभे असतां मोटारींच्या गोष्टी निघाल्या, आणि आम्हीं ही तक्रार दोघां सद्गृहस्थांस ऐकविली. त्यांतील एकाजवळ वडिलांच्या वेळची फिआट आहे. ती ते त्याच महिन्यांत या मुलाकडे इंजिनाच्या कामाला देणार होते. ती त्यांनीं दुसरीकडे दिली. शिक्षकाच्या शब्दाला गांवांत अजून कांहीं वजन आहे, हें त्या दिवशीं आम्हांस सुखाचेंच वाटलें होतें.

मे महिन्याची सुटी लागली तेव्हां आम्ही एक वही घेऊन मोहन्यास गेलों. आम्ही विज्ञान शिकवितों, तेव्हां हें काम आम्हीं पद्धतशीर करावें असें ठरविलें. वहींत संशयितांची यादी केली: पेट्रोल, ठिणगी, व्हाल्व्ह, कार्बुरेटर. मामा छपराखालीं वेताच्या खुर्चीवर बसले.

पहिला संशय पेट्रोलवर गेला, व तो अगदींच अनाठायीं नव्हता. आपल्या देशांत २०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. उसाच्या मळीपासून, धान्यापासून तें काढतात. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळण्यास वजनानें सुमारें चौदा पूर्णांक सात भाग हवा लागते, इथेनॉलला केवळ नऊ. म्हणजे हवा तितकीच ओढणाऱ्या जुन्या गाडीला या नव्या पेट्रोलचें माप थोडें अधिक द्यावें लागतें, नाहींतर मिश्रण पातळ पडतें. एस. यू. कार्बुरेटरच्या बुडाशीं जेट वरखालीं करणारा षट्कोनी नट असतो. त्याची एकेक बाजू मोजून फिरवावयाची. आम्हीं दोन्ही कार्बुरेटरांचे नट दोन-दोन बाजू खालीं घेतले. इंजिनाची तक्रार थोडी बदलली, थांबली मात्र नाहीं.

मग प्लग काढले. हें आधींच करावयास पाहिजे होतें. पहिला व दुसरा काजळीनें काळे झालेले, तिसरा व चौथा राखेसारखे पांढरट. ज्यानें कधीं चूल पेटविली आहे त्याला याचा अर्थ सांगावयास नको. पुढच्या दोन सिलिंडरांना पेट्रोल जास्त होत होतें, मागच्या दोहोंना कमी. एकाच टाकींतलें पेट्रोल चौघांस मिळत असतां असें व्हावें, तेव्हां पेट्रोल निर्दोष ठरलें.

ठिणगी व व्हाल्व्ह यांत फारसा वेळ मोडला नाहीं. पॉइंटांतील फट बारा हजारांश इंच होती, टॅपेटांतील एकोणीस हजारांश. दोन्ही मामांच्या जुन्या पुस्तकाबरहुकूम. चारहि सिलिंडरांचें कॉम्प्रेशन मोजलें तें एकमेकांच्या जवळपास भरलें. पुढें इंजिन चालूं ठेवून लांकडी मुठीच्या पेचकसानें एकेक प्लग क्षणभर निकामी करून पाहिला. (मुलांनीं हा प्रयोग स्वतः करूं नये, विजेचा झटका चांगलाच बसतो.) पहिला किंवा दुसरा बंद केला कीं इंजिन गळून जाई, तिसरा किंवा चौथा बंद केला तर त्याला फारसें कळतहि नसे. म्हणजे हे दोघे नांवापुरते कामावर होते.

आतां मागला कार्बुरेटर. त्याच्या पिस्टनाला खालून एक खुंटी असते, ती दाबून पिस्टन केसभर उचलतां येतो. उचलल्यावर वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण दाट. किंचित् वाढून पूर्ववत् झाला तर योग्य. इंजिन लगेच मरूं लागलें तर पातळ. पुढला उचलला, वेग वाढला. मागला उचलला, इंजिन विझलें. आम्हीं मागला नट आणखी दोन बाजू खालीं घेतला, मग आणखी एक. स्लो पांच मिनिटें सुधारल्यासारखा झाला आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां जसाच्या तसा. येथें आम्हीं वहींत लिहिलें: "जेट अयोग्य झिजलेला. जोडणाऱ्याची चूक." हें पान अजून आमच्याजवळ आहे.

मामांनीं तेव्हां प्रथम तोंड उघडलें. "तूं एकसारखें पेट्रोल वाढवितो आहेस," ते म्हणाले. "हवा जास्त होत असेल असें तुला कां वाटत नाहीं?"

त्यांच्या म्हणण्यांत किती अर्थ होता तें सांगितलें पाहिजे. ॲक्सिलरेटरवर पाय नसतां कार्बुरेटरचें दार जवळजवळ बंद असतें. सिलिंडर तर हवा ओढीतच असतात, त्यामुळें आंतल्या नळींत मोठी पोकळी निर्माण होते व बाहेरची हवा मिळेल त्या छिद्रानें आंत घुसूं पाहते. त्या वेळीं इंजिनाला लागणारी हवाच थोडी, म्हणून चोरवाटेनें आलेली चिमूटभर हवाहि मिश्रण बिघडवून टाकते. वेग घेतला कीं दार उघडतें, पोकळी कमी होते, हवेचा लोंढा वाहूं लागतो आणि ती चोरटी हवा त्यांत कोठच्या कोठें हरवते. वैशाखांत ओढ्याच्या डबक्यांत कोणीं घागरभर पाणी ओतलें तर लगेच दिसतें. श्रावणांत उल्हास नदी दोन्ही कांठ भरून चालली असतां तिच्यांत घागर ओतली काय नि न ओतली काय! म्हणून असला दोष गाडी धांवतांना लपतो आणि उभी राहतांच उघडा पडतो.

फट शोधण्याची युक्ति मामांचीच. इंजिन चालूं ठेवून, एक लहान ब्रश पातळ तेलांत बुडवून एकेका सांध्यावर फिरवावयाचा. जेथें फट असेल तेथें तेल क्षणभर ती बुजवितें आणि इंजिनाचा सूर बदलतो. पेट्रोलनें हें करणारे लोकहि आहेत, पण तापलेल्या इंजिनावर तसलें धाडस कोणीं करूं नये. मामांनीं डोळे मिटले व आम्हांस ब्रश फिरवावयास सांगितलें. दोन्ही कार्बुरेटरांतील दाराच्या दांड्यांचीं टोकें: कांहीं नाहीं, किंवा अगदीं किंचित्. नळी व इंजिन यांचा सांधा: कांहीं नाहीं. पुढल्या कार्बुरेटरचा सांधा: कांहीं नाहीं. मागल्याचा सांधा.

"तेथें," मामा डोळे न उघडतां म्हणाले.

आम्हांलाहि ऐकूं आलें. तें धांपा टाकणारें इंजिन एकाएकीं शांत झालें, आणि एखादें आजारी मूल झोपीं जावें तसें कांहीं श्वास सारख्या लयींत घेत राहिलें. मग तेल आंत ओढलें गेलें, पाठीमागें सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला, आणि धांप पुन्हां सुरू झाली.

दोन नट सोडून आम्हीं मागला कार्बुरेटर खालीं काढला. सांध्यामध्यें गॅस्केट असतें, पातळ व नेमकें कापलेलें. येथें निघाला तो पुठ्ठ्याचा जाड तुकडा, कात्रीनें वेडावांकडा कापलेला. पेट्रोलनें तो पिंवळा पडला होता. तो उलटा केला तेव्हां त्याच्या कोपऱ्यांत निळ्या शाईनें लिहिलेलें दिसलें: '७-ब'. अक्षर आमचें होतें.

तेव्हां सारें आठवलें. जानेवारींतील एका सुटीला आम्ही मोहन्यास आलों असतां त्या सांध्याशीं पेट्रोलची ओल दिसली होती. मामा दुपारचे झोंपले होते. आम्हांस हात चालविण्याची हौस. पिशवींत जुन्या हजेरीपुस्तकाचें पुठ्ठ्याचें वेष्टण पडलेलें होतें. अर्ध्या तासांत काम झालें, ओल थांबली, आणि तें आम्ही विसरलों. नुसतें विसरलों असें म्हणणें पुरें नव्हे. मोटार कोणीं उघडली याचा विचार करतांना आमच्या डोळ्यांपुढें आम्ही स्वतः कधीं आलोंच नाहीं. वहींतील संशयितांच्या यादींत चार नांवें होतीं. पांचवें आमचें असूं शकतें हें सुचलें नाहीं, आणि त्या मुलानें तोंडावर विचारलें तेव्हांहि सुचलें नाहीं.

पुढची गोष्ट नुसत्या यंत्राची आहे. पुठ्ठा जाड व मऊ, म्हणून आम्हीं दोन्ही नट जोर लावून आंवळले होते; त्या ओढीनें कार्बुरेटरच्या पट्टीचे दोन्ही कान वांकले. पोलादी पट्टी तिच्यावर आडवी धरून पाठीमागें विजेरी लावली तेव्हां मध्यें प्रकाशाची बारीक रेघ दिसली. एवढ्याशा रेघेनें तीन महिने छळलें. मामांनीं जाड कांचेचा तुकडा मागविला, त्यावर पॉलिश पेपर पसरला आणि ती पट्टी त्यावर आठाच्या आंकड्यासारखी फिरवीत अर्धा तास घासली. आम्हांस त्यांनीं हात लावूं दिला नाहीं. कल्याणहून गॅस्केटचा खरा कागद आणला. नट आंवळतांना मात्र त्यांनीं पाना आमच्या हातीं दिला आणि म्हणाले, "पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. आणि पुरे म्हटलें कीं थांबावयाचें."

इंजिन चालूं झालें. आम्हीं मिश्रण इतकें दाट करून ठेवलें होतें कीं तें काळा धूर ओकूं लागलें, पण धांप गेली होती. मामा खुर्चीवरून उठले, बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "हें त्या मुलाला कोण सांगणार?"

संध्याकाळीं आम्ही टिटवाळ्याच्या रस्त्यानें गेलों. मोहन्याहून त्याचें गॅरेज रिक्षानें जाण्याइतकें जवळ, परंतु आम्ही चालत गेलों. वाटेंत काय बोलावें याचीं तीन-चार वाक्यें जुळविलीं. तो एका रिक्षाच्या खालीं निजून काम करीत होता. आम्हांस पाहून बाहेर आला व स्टूल पुसून पुढें केलें. जुळविलेलें एकहि वाक्य आठवेना. आम्हीं खिशांतून तो पुठ्ठा काढून त्याच्या हातावर ठेवला. त्यानें तो उलटा केला, '७-ब' वाचलें, कडेच्या दबलेल्या खुणेवरून बोट फिरविलें.

"पुठ्ठा फार जाड होता, सर," तो म्हणाला.

"आम्हीं तुला खोटें सांगितलें. आणि तुझ्याविषयीं इतरांनाहि खोटें सांगितलें."

"तुम्हांला ठाऊक नव्हतें."

"आम्हांला ठाऊक असावयास पाहिजे होतें."

यावर तो कांहीं बोलला नाहीं, आणि आम्हांस तें योग्यच वाटलें. त्यानें "असूं द्या" म्हटलें असतें तर आम्ही हलक्या मनानें परत फिरलों असतों, व तसें होण्याइतकी ती गोष्ट लहान नव्हती. जातांना त्यानें एवढेंच विचारलें कीं फिआटवाले साहेब दुसरीकडे कां गेले तें आपणांस ठाऊक आहे काय. आम्हीं तेंहि सांगितलें.

पुढल्या रविवारीं उपासनेनंतर, त्याच जागीं, त्याच दोघांसमोर आम्हीं झालेली हकीकत सांगितली. ऐकणाऱ्यांपैकीं एकजण हंसले. दुसऱ्यांनीं, म्हणजे फिआटच्या मालकांनीं, ऐकून घेतलें व म्हणाले, "आतां काम होऊन गेलें हो." तें काम लहान नव्हतें, पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या गॅरेजला त्या पैशांचा उपयोग झाला असता. तो पैसा काहीं त्याला मिळाला नाहीं. ते गृहस्थ अजून त्याच्याकडे गेलेले नाहींत. आम्हीं दोनदां आठवण दिली आहे, तिसऱ्यांदां देऊं.

जूनच्या पहिल्या आठवड्यांत तो मोहन्यास येऊन दोन्ही कार्बुरेटर पुन्हां जुळवून गेला. आम्हीं फिरवून ठेवलेले सारे नट त्यानें प्रथम पुरते वर नेले, मग बारा-बारा बाजू मोजून खालीं आणले व तेथून नव्यानें आरंभ केला. रबरी नळीचें एक टोक कानाशीं व दुसरें आळीपाळीनें दोन्ही कार्बुरेटरांच्या तोंडाशीं धरून, दोहोंचा हवा ओढण्याचा आवाज सारखा होईपर्यंत तो स्क्रू फिरवीत राहिला. मामांनीं नळी मागून घेतली व स्वतः ऐकली. दोघे बराच वेळ एकमेकांकडे न पाहतां माना डोलवीत होते. मागल्या कार्बुरेटरच्या दांडीचा बुश झिजूं लागला आहे, तो पुढच्या उन्हाळ्याच्या आंत बदलावा, असें त्यानें सांगितलें. तेलाच्या ब्रशाखालीं जो अगदीं किंचित् फरक पडला होता तो याचाच. आम्हीं वहींत त्यापुढें 'कांहीं नाहीं' असें लिहिलें होतें.

पैसे त्यानें मामांकडून नेहमींच्या दरानें घेतले. निघतांना तो पुठ्ठा त्यानें खिशांत टाकला. आतां तो त्याच्या गॅरेजांत, पान्यांच्या फळीवर, खिळ्याला लटकतो. हाताखालीं आलेल्या नव्या पोरांना गॅस्केट कसें कापूं नये हें दाखविण्यास तो उपयोगीं पडतो म्हणे. आमच्या नववीच्या वर्गांतला तो मुलगा त्याचा धाकटा भाऊ. शनिवारीं शाळा सुटली कीं तोहि तेथें जातो.